टॉवर मौनात आहे

"ओढू नकोस. नुसतं धर. विमानाला उडायचंच असतं, आपण फक्त मध्ये मध्ये करायचं नाही."

हे यांचं वाक्य. रोज सकाळी, कामावर जायच्या आधी, हे खिडकीजवळच्या टेबलाशी बसून कॉम्प्युटरवर लढाऊ विमान चालवायचे आणि मागच्या सीटवर कुणी शिकाऊ बसला आहे अशा थाटात बोलत राहायचे. मागे बसलेली असायची मी. उत्तर मात्र द्यायची नाही, कारण तो माझा मौनाचा तास. मुलगी लहानपणी मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हा देवाला म्हटलं होतं, सकाळचा एक तास तुझा, त्या तासात तोंडातून शब्द काढणार नाही. ते आजवर चुकलं नव्हतं.

"टॉवर, निघायला परवानगी?" मला विमानतळाचा टॉवर ठरवून हे विचारायचे. मी माळेवरची नजर न उचलता मान हलवायची.

"टॉवर मौनात आहे," हे स्वतःच जाहीर करायचे. "पण मान हलली. निघतो."

यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. तरुणपणी हवाईदलात जायला निघाले होते. सगळ्या परीक्षा झाल्या, डोळे झाले, छाती झाली, आणि शेवटी पाय मोजले तर बोटभर आखूड निघाले. "जन्मभर वर-खाली केलं गं," हे म्हणायचे, "पुढे म्हणून कधी गेलो नाही." मुलीनं स्वतःच्या कामासाठी घेतलेला कॉम्प्युटर यांनी कधी बळकावला, ते तिलाही कळलं नाही. मग उजव्या हाताला विमान वळवायचा दांडा आला, डाव्या हाताला वेगाचा खटका, पायाशी पेडल. पाय पोचावेत म्हणून पेडलखाली फळी ठोकली आणि पाठीशी उशी घेतली. "इथे कोण येतंय मोजायला?"

पहिले कित्येक महिने विमान धावपट्टी सोडून गवतात जायचं. उडणं यांना लवकर जमलं, उतरणं जमेना. "वर काय, लिफ्टही जाते," हे म्हणायचे. "मजल्याला मजला लावून थांबवण्यात खरी कारागिरी."

त्या विमानाच्या पंखांखाली क्षेपणास्त्रं लटकलेली असायची. मला ते बघवायचं नाही. मी बोलले नव्हते, पण एक दिवस हे आपणहून म्हणाले, "काढून ठेवली बघ. तुझ्या तासाला रिकाम्या पंखांनी जायचं."

आणि एका सकाळी वारा आडवा होता. विमान उतरताना दोनदा आपटलं. घाम पुसत हे मागे वळले.

"एक दिवस टॉवर बोलला पाहिजे. तू उंची सांग, वेग सांग, मी नजर धावपट्टीवर ठेवतो. बोलशील?"

मी मान हलवली.

"शब्द?"

पुन्हा हलवली.

मग एका दुपारी हे कामावरच कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, उजवीकडचं दिसेनासं झालं, आणि वाचा गेली. एवढ्या बोलक्या माणसाजवळ एकच शब्द उरला, "अगं". पाणी हवं, अगं. खिडकी लाव, अगं. डोळे भरून आले तरी अगं. मला सगळे अगं वेगवेगळे ओळखू येतात. पण माझ्या तासाला आता घरात दोघंही गप्प. माझं मौन इतकी वर्षं यांच्या बोलण्याला टेकून बसलं होतं, ते मला आता कळलं. मला यांचा आवाज हवा होता. "निघतो" एवढा एक शब्द जरी ऐकायला मिळाला असता.

मुलगी म्हणाली, "आई, हे टेबल काढू या. बाबांच्या व्यायामाचा बाक इथे नीट बसेल. कॉम्प्युटर रविवारी माळ्यावर टाकते."

"राहू दे की."

"कशाला? त्यांना बघवत नाही ते. तोंड फिरवून पडतात. का तू चालवणार आहेस? बॉम्बबिम्ब टाकणार आहेस?"

"हळू बोल. ऐकतील."

"कोण, शत्रू?"

मला हसू आलं, तिलाही आलं, पण तिचे डोळे टेबलावरच होते.

बोलण्याचा सराव घ्यायला एक बाई येतात. त्यांना मी विचारलं, शब्द परत येतील का हो? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण ओळखीच्या कामात हात गुंतला की एखादा शब्द आपणहून निसटतो. यांना कशाची आवड होती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ हातात घेतली, तास सुरू झाला, आणि मी त्या टेबलाशी जाऊन बसले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्या यंत्राला कधी बोट लावलं नव्हतं, पण इतकी वर्षं यांच्या खांद्यावरून पाहिलेलं सगळं हातांना ठाऊक होतं. नुसतं धरलं. विमान धावलं आणि खरंच आपलं आपण उठलं. खाली शेतं, नदी, वर काहीच नाही. मला वाटलं, हे रोज इथे यायचे तर.

वळून धावपट्टीकडे आले. ती फार लांब वाटली म्हणून वेग कमी केला. विमान बसायला लागलं, घाबरून दांडा ओढला. सगळं थरथरलं, कर्कश्श भोंगा वाजायला लागला, आणि मला यांचं ओरडणं आठवलं, "स्टॉल येतोय, स्टॉल!"

आता हे सांगायला हवं. यांच्या तोंडून ते ऐकलं की मला वाटायचं, धावपट्टीच्या कडेला एखादा चहाचा स्टॉल असेल. वरून दिसत असेल. एवढ्याशा दुकानासाठी हे इतके का ओरडतात, असंही वाटायचं. मौनात विचारता येत नव्हतं, आणि तास संपेपर्यंत हे डबा घेऊन दाराबाहेर पडलेले असायचे; संध्याकाळपर्यंत मी विसरून जायची. आता विमान डावीकडे कलंडलं आणि दोर तुटलेल्या लिफ्टसारखं सरळ खाली गेलं. तेव्हा उलगडलं. पंखांची हवेवरची पकड सुटते, तो स्टॉल! चहा नाही, बिस्किटं नाहीत, काही नाही.

मी हसले. शब्द नव्हता तो, पण हसणं मोठ्यानं झालं.

"अगं?"

हा अगं मला नवीन होता. यांनी मान वळवली होती.

तास संपला नव्हता. मी पडद्याकडे बोट केलं, मग हवेतच किटली धरून चहा ओतला, गिऱ्हाइकाला कप दिला, सुट्टे पैसे मागितले, आणि मग तळहाताचं विमान करून ते मांडीवर आपटलं. हे बघत राहिले. मग अर्ध्या ओठांनी हसायला लागले. "अगं... अगं... अगं!" डावा हात गादीवर आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

हसू ओसरल्यावर तोच हात यांनी हवेत पुढे ढकलला. पुन्हा ढकलला. वेगाचा खटका! पडतानाही ओढायचं नाही, पुढे ढकलायचं, असं सांगत होते. मी यांना चाकांच्या खुर्चीत घालून टेबलाशी आणलं. खटका डावीकडेच असतो, यांचा हातही डावा. उजवीकडचा दांडा आणि पेडल माझ्याकडे. एका विमानाला दोन अर्धे वैमानिक.

वर गेलो छान. उतरताना मात्र हे माझ्याकडे बघायला लागले. "अगं? अगं?" उंचीचे आणि वेगाचे आकडे पडद्याच्या उजव्या कडेला, यांना न दिसणाऱ्या बाजूला. मला दिसत होते, बोलता येत नव्हते. बोटांनी दाखवायला गेले, दांडा सुटला, आणि विमान शेतात गेलं. यांनी खटक्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. तोंड फिरवलं.

संध्याकाळी मुलीनं विचारलं, "बाबा टेबलाशी बसले होते?"

"बसले होते."

"मग?"

"पडलो."

ती म्हणाली, "रविवारपर्यंत ठेवते. पण परत भिंतीकडे बघत पडून राहिले ना आई, तर मी तुझं ऐकायची नाही."

दिवा लावून मी देवापुढे बसले. म्हटलं, तो तास तुझा, मी नाही म्हणत नाही. पण त्याच तासात मी यांना दोनदा मान हलवून होकार दिला, तेव्हा तू समोरच होतास. मौनातला होकारही शब्दच की. आता दुपारचा तास घे, हवं तर थोडा मोठा घे, पण सकाळ मला दे. देव काही बोलला नाही. त्याच्या मौनाची मला सवय आहे. मान तेवढी हलल्यासारखी वाटली.

सकाळी माळ खुंटीवरच ठेवली. फळी सरळ केली, यांच्या उजव्या कोपराखाली उशी दिली, पंखांखालची क्षेपणास्त्रं काढून टाकली. यांचा डावा हात उचलून खटक्यावर ठेवला. यांनी घड्याळाकडे पाहिलं, मान पूर्ण वळवून खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तास कुठला आहे, ते यांना ठाऊक होतं.

"अगं?"

मी दांड्यावर हात ठेवला. ओढला नाही, नुसता धरला. घसा साफ केला. इतक्या वर्षांत या वेळेला मी माझा आवाज ऐकलेला नव्हता, तो अगदी लहान निघाला.

"टॉवर बोलतोय," मी म्हटलं. "वारा शांत आहे. पट्टी मोकळी आहे. निघा."

यांनी डावा हात हळूच पुढे ढकलला.