लांडग्याचा फोटो

सर्जेराव आप्पांनी लांडगा लोळवलाच नव्हता, हे खुटबावात तिघांनाच ठाऊक होतं: स्वतः आप्पांना, गेणबाच्या पप्पूला आणि गेणबाच्या मेंढ्याला.

आप्पा ऊस बघायला निघाले होते. ओढ्याकाठी त्या मेंढ्यानं मागून धडक दिली आणि साठीला टेकलेले आप्पा काट्याकुट्याची पर्वा न करता बाभळीवर चढले. फाटक्या सदऱ्यानं घरी आल्यावर विठाबाईंनी काय झालं विचारलं. नवराच तो, बायकोपुढं मेंढा म्हणायची लाज वाटली, तोंडातून लांडगा निघून गेला. विठाबाईंनी शेजारी सांगितलं, शेजारणीनं डेअरीवर सांगितलं, आणि दिवस मावळेपर्यंत आप्पांनी त्या लांडग्याला काठीनं लोळवलंही. दूध संस्थेची निवडणूक तोंडावर आलेली. आप्पांच्या माणसांनी शनिवारी देवळापुढं सत्कार ठरवून टाकला. नको म्हणायला आप्पांची जीभ रेटली नाही.

आणि मग वाटेत पप्पू भेटला. पप्पू दौंडला रेल्वेत नोकरीला, सुट्टीला गावी आला की कॅमेरा घेऊन शिवारात हिंडायचा. तिथल्या कॉलनीतल्या एका रिटायर ड्रायव्हरकडून त्यानं जुना प्रोजेक्टर आणि एक विद्या मिळवली होती. लोक रोल स्टुडिओत देतात, हा घरच्या न्हाणीत धुवायचा. विहिरीत टाकायचं लाल औषध, बॅटरीचं ॲसिड, आणखी कसल्या कसल्या पुड्या. त्यातून फिल्मवरच सरळ चित्र उमटायचं, ते तो भिंतीवर पाडून गावाला दाखवायचा.

"आप्पा, बाभळीवरचा तुमचा फोटू घेतलाय," पप्पू गोड आवाजात म्हणाला. "मेंढा बी आलाय त्यात. शनवारी सत्कार झाला की दावतो."

"कशाला रं उगा?"

"लोकास्नी आवडंल की."

निवडणूक गेली तरी एक वेळ चालेल, पण विठाबाई? ती तर गेले आठ दिवस त्यांना जेवताना वारा घालत होती. इतका मान त्यांना लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

एक गोष्ट मात्र आप्पांना पक्की माहीत होती. भाचीच्या लग्नात फोटोग्राफरचा कॅमेरा भर मांडवात उघडला आणि सगळं लग्न पांढरं निघालं. फिल्मला उजेड लागला की खेळ खलास.

शुक्रवारी दुपारी ते गेणबाच्या घरी हजर. पप्पूची आई रतनबाई उंबऱ्याजवळ लसूण सोलत होती. न्हाणीच्या दाराला दोन काळी घोंगडी लावलेली.

"पप्पू कुठं हाय?"

"आत फोटू धुतोय. पप्पू, आप्पा आल्यात रं."

आत पाणी ओतायचं थांबलं. मग आवाज आला, "बसू दे. च्या टाक त्यास्नी."

आप्पा बसले. चहा आला. निम्मा कप संपला असेल, तेवढ्यात पप्पू आतून ओरडला, "आये, आता कुणाला घोंगडं उचलू दिऊ नगं. उजेड आला तर समदी मेहनत पाण्यात जाईल."

आप्पांनी कप खाली ठेवला, उठले आणि घोंगडी ओढून काढली. पप्पूच्या हातातलं ओलं रीळ हिसकावून ते अंगणात आले. फिल्म सरासरा उलगडली, उन्हात धरली, पालथी करून परत धरली. दुधात बुडवल्यासारखी पांढुरकी दिसत होती. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

"आप्पा, काय केलंत हे," पप्पू कपाळाला हात लावून म्हणाला.

"मला वाटलं रिबीन हाय," आप्पा म्हणाले. रतनबाईंनी तोंडात पदर कोंबला होता. बाई रडतेय असं वाटून आप्पांना वाईटसुद्धा वाटलं.

शनिवारी त्यांच्या उत्साहाला ऊत आला होता. शाल अंगावर पडली, नारळ मिळाला, भाषणात लांडगा आणखी हातभर वाढला. लोक उठायला लागले तर आप्पांनीच त्यांना बसवलं. "पप्पूचं फोटू बघून जावा. पोरगं लई कष्ट करतं."

भिंतीवर आधी गेणबाचं खळं आलं, मग ओढा. मग बाभूळ. खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारलेले आप्पा, फांदीला अडकलेलं धोतर, आणि खाली सदऱ्याचा तुकडा चघळत उभा असलेला मेंढा. मिशीचा केस न् केस दिसत होता.

पहिल्यांदा हसल्या त्या विठाबाई. मग कोण थांबतंय?

आप्पा प्रोजेक्टरजवळ गेले. "आरं पन मी तर ती उन्हात धरली हुती."

"व्हय की. पैल्या धुण्यात उलटं चित्र येतं. ते लाल औषधानं काढून टाकायचं, मग फिल्मला उजेड दावायचा आन् परत धुवायचं, तवा सरळ चित्र उठतं. एरवी मी बल्बखाली धरतो. आये म्हणली तुमी आलाय, म्हणलं आप्पांचा बी हात लागू दे. दोन्ही बाजूनी दावलीत, झ्याक आलंय."

आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. विठाबाई पदरानं डोळे पुसत अजून हसतच होत्या, आणि त्या हसण्यात वारा घालणारी बाई कुठं दिसेना. ती शाल त्यांना खांद्यावर सोसेना. ती काढून ते गेणबापाशी गेले.

"ही घे गेणबा. तुझ्या मेंढ्याच्या अंगावर टाक."

गेणबानं हात जोडले. "ऱ्हाऊ द्या आप्पा. त्याच्या अंगावर त्याची सोताची हाय."