पूर्णेवरच्या बोटीचा अडलेला दरवाजा

एक ॲल्युमिनियमची चौकट, दोन काचा, खाली दोन चाकं, एक मूठ आणि सोळा स्क्रू. त्यांतले तीन गंजलेले. मित्रांनो, एवढं सगळं मिळून मी झालो आहे. मी पूर्णा नदीवरच्या एका मोटरबोटीचा जुना सरकता दरवाजा आहे.

परभणीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथून टेम्पोत आडवा पडून धरणाच्या फुगवट्यावर आलो आणि माणिकरावांच्या बोटीच्या केबिनला बसलो. पलीकडच्या वस्तीवरची लेकरं याच बोटीनं अलीकडच्या शाळेत येतात. हिवाळ्यात पाण्यावरचं वारं अंगाला बोचतं. मी बंद असलो की आत ऊब राहायची आणि किनारा आला की हलक्या हातानं उघडायचो. "हा दरवाजा न्हाई, लोणी हाय," असं माणिकराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

खंडेनवमीला त्यांच्या पत्नी सरजाबाई बोटीची पूजा करायच्या. इंजिनाला हळदकुंकू, सुकाणूला झेंडूची माळ. माझा मान मात्र वेगळा. माझी चाकं ज्या पन्हळीत धावतात तिच्यात, मी बंद असताना मागचं चाक टेकतं तिथं, त्या कुंकू वाहायच्या आणि पोखर्णीच्या माहेराहून आणलेलं करडईचं तेल सोडायच्या. "लेकरांसाठी सरकतोस, पी बाबा," म्हणायच्या. पुढे मी जरा जड झालो, तशा त्या एरवीही तेल घालू लागल्या. मी जितका जड, तितकं तेल जास्त.

हळूहळू माझं मागचं चाक उचललं गेलं. बंद झालो की वरच्या कोपऱ्यात चौकटीला टेकायचो आणि खाली फट राहायची. माणिकरावांना वाटलं, चौकटच वाकडी झाली. त्यांनी कानस घेऊन माझा कोपरा घासला. मी विद्रूप झालो, पण हलका झालो नाही.

पौषातल्या एका सकाळी बोट किनाऱ्याला लागली आणि मी उघडलोच नाही. आत लेकरं होती. तिसरीतली भक्ती दोन्ही हातांनी मूठ ओढत होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता. शेवटी माणिकरावांनी बाहेरून लाथ घातली तेव्हा मी हललो. कुणाला काही झालं नाही.

"आजच ह्याला काढून ताडपत्री बांधतो," ते म्हणाले. "पाण्यात लेकरं कोंडली म्हंजे कुणाला तोंड दावू?"

"अन् ह्या थंडीत ताडपत्रीमागं कुडकुडत न्यायची का त्यांला?" काठावरून सरजाबाई म्हणाल्या.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुकेशनीबाई मुलांना घ्यायला आल्या होत्या. "काका, शाळा सुटंपर्यंत थांबा. काढायच्या आधी बघू तरी, अडतंय कुठं."

"बघा बाई. पण ह्या भक्तीच्या हातानं उघडला तरच राहील. न्हाईतर भंगारात."

मित्रांनो, तो दिवस मला फार लांब वाटला.

दुपारी बाई मासळी तोलायचा ताणकाटा घेऊन आल्या. हूक माझ्या मुठीत अडकवून त्यांनी ओढलं. काटा साडेअकरा किलोवर गेला तेव्हा मी सरकलो. मग काट्याचा हूक खांबाला अडकवून त्यांनी भक्तीला ओढायला लावलं. तिनं दात-ओठ खाऊन ओढलं. चार किलो भरले.

"चाराच्या आत यायला पाहिजे," बाई म्हणाल्या.

"लयच खाली आणावं लागंल," माणिकराव पुटपुटले.

दोघांनी मला उचलून बाहेर काढलं. पन्हळीत मागच्या चाकाच्या जागी काळपट लाल, घट्ट थर बसला होता. सरजाबाईंनी त्याला नख लावलं आणि त्या चमकल्या.

"अगं बया! ही तर माझ्या तेलाच्या बरणीच्या तोंडाला बसती तसली चिकटी हाय!"

"करडईचं तेल हवेनं आळतं, मावशी. त्यात धूळ, कुंकू बसत गेलं. चाक त्याच्यावर चढलं."

"म्हंजे लेकरांना मीच कोंडलं म्हणा की!" सरजाबाईंनी कपाळावर हात मारला.

"अन् मी कानस मारून त्याचा कान कापला," माणिकराव म्हणाले. "नवरा-बायको मिळून लय सेवा करायलोत!"

मग सरजाबाईंनीच धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी केलं आणि चमच्याच्या दांड्यानं, काथ्यानं घासून पन्हळ लख्ख केली. मला परत बसवल्यावर सुकेशनीबाईंनी मागच्या चाकाचा स्क्रू थोडाथोडा फिरवला. वरची आणि खालची फट सारखी झाली. कानशीनं खाल्लेला कोपरा तेवढा तसाच राहिला.

"आता नवमीला फूल मुठीलाच वाहीन," सरजाबाई म्हणाल्या. "खाली नुसतं फडकं मारीन."

मित्रांनो, माझं कुणी वाईट चिंतलं नव्हतं. तुमच्या घरातही एखादं कपाट, एखादी खिडकी अशीच अडत असेल. तिला लाथ घालण्याआधी खाली वाका आणि ती कशावर अडली आहे ते बघा. माया करायची तर आधी फडकं हातात घ्या. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त जड होतो.

बाईंनी ताणकाटा भक्तीच्या हाती दिला. तिनं हूक मुठीत अडकवला. माणिकरावांनी भंगारासाठी आणलेलं पोतं अजून काखेतच होतं. भक्तीनं ओढलं आणि मी सरकलो. काट्यावर एक किलो तीनशे ग्रॅम होते.