भिंतीचं उत्तर टोक

हरिप्रियाचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. चेन्नईजवळ नीलांकरैच्या किनाऱ्यावर समुद्र चढत चाललाय म्हणून दगडांची भिंत घालायची होती, आणि नव्या नकाशात ती भिंत नेमकी तिच्या कुंपणाशी येऊन थांबलेली. गिरीधरअण्णाचं घर आत, तिचं बाहेर. सख्खा भाऊ म्हणे!

भिंत संपते तिथून उत्तरेची वाळू लाटा ओढून नेतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वडिलांच्या जागेवर दक्षिणेला अण्णाचं घर, उत्तरेला तिचं, त्यापुढे सरकारी पडीक जागा. जुन्या नकाशात भिंत दोन्ही घरांपुढून जात होती. पण आवडी गावच्या रणगाडा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अण्णाने आणखी दक्षिणेला, स्वतःच्या एकट्याच्या जागेवर, भाड्याने द्यायला बंगला बांधला. त्याच्यासाठी इंजिनियरांचे उंबरठे झिजवून त्याने अख्खी भिंत तिकडे सरकवून घेतली. लांबी तेवढीच राहिली. बहिणीला मेल्याने पत्ता लागू दिला नाही.

शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. त्रिपुरसुंदरी नावाच्या अधिकारीणबाईंनी संमतीपत्रं वाचली. त्यात अण्णाची सही होती, स्वतःसाठी आणि बहिणीसाठीही. आई असेतो वाटणी करायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. आई गेल्यावरही जमिनीचा पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, दोघांच्या नावे एकच राहिला, आणि कागदांवर अण्णा तिच्या वतीने सह्या ठोकत आला. तिने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

आज ती उठली. अण्णाने घरातलं घरात बोलू म्हणून तिचा हात ओढला, तो तिने झटकला.

"या पट्ट्यावर माझंही नाव आहे. माझी संमती नाही," ती म्हणाली.

बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले. एका मालकाचा नकार असेल तर त्या सामाईक जागेपुढे दगड टाकता येणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग भिंत बंगल्यापाशीच संपवावी लागेल. त्यांनी पेन्सिलीने नकाशावर तशी खूणही केली.

अण्णाचा चेहरा खर्रकन उतरला. भिंतीच्या टोकाच्या उत्तरेला आता पहिलं त्याचंच राहतं घर येत होतं.

"हरी, वेड लागलंय का तुला? याने तुझं घर वाचणार आहे?"

"नाही वाचणार," हरिप्रियाने नकाराच्या अर्जावर सही केली. "पण आता आधी तुझं जाईल, अण्णा."