तीन सेलांचा बल्ब

"बत्ती पाच सेलांची अन् बलप तीनचा मागून राह्यला? जयून जाईन ना रे, उदयसिंग."

रिसोडच्या दुकानात शांतीलाल शेठनी बल्ब मुठीतच धरून ठेवला. तीन महिन्यांतला हा चौथा. त्यांनी बत्तीची टोपी फिरवून सेल बाहेर काढले. तीन कोरे होते, दोन शिळे. शिळ्यांना पाझर फुटला होता, पितळी नळीत हिरवा थर धरला होता. अशी भेसळ केली की नवे सेलही लवकर मरतात, एखादा फुगून बसला की निघत नाही, हे शेठनी परोपरीने समजावलं.

"जयते तंवर लख्ख पडते, शेठ. मले तेवढंच पायजे," उदयसिंग म्हणाला.

पाचही सेल नवे घातले तर तीनचा बल्ब क्षणात उडतो. दोन शिळे, उन्हात तापवून घेतलेले मिसळले, की तीस मोजेपर्यंत तग धरतो. हे गणित त्याचं त्यानेच बसवलेलं. ते कशासाठी, हे मात्र त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, घरात बायकोला, हिरीबाईलासुद्धा नाही. पाच सेलांच्या बल्बचा उजेड त्याला आता राखेसारखा दिसायचा.

उदयसिंग विहिरीत पडलेली भांडी काढायचा. पहिल्या निवडणुकीच्या साली विहिरी खोदणाऱ्या ठेकेदाराने जाताना ही बत्ती त्याला दिली, आणि तांड्यावरच्या उदयसिंगचा गळ केनवडपासून रिसोडपर्यंत नावाजला. तो गळ टाकायचा, हिरीबाई दोर गुंडाळायची. वीस वर्षं असंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी केनवडला रामरावांच्या विहिरीवर बोलावणं होतं. त्यांच्या घरच्या कमलीबाईची पितळी कळशी पडली होती, माहेरची. काठावरच्या उंबराने विहीर अशी झाकली होती की भर दुपारीही काठावर ऊन पडत नव्हतं, त्यामुळे आरसा धरून ऊन आत पाडायची सोय नव्हती. कळशी कपारीत अडकलेली. नुसता गळ फिरवून हाती लागायची नाही, आधी दिसायला हवी.

रामराव म्हणाले, "कालपासून दोघं गडी गळ फिरवून थकले. तुह्याच्यानं नाई झालं तर जगदेवाले बोलावतो. तो बुडी मारते. मंग पुढच्या येळी त्यालेच सांगत जाऊ."

उदयसिंग काठावर पालथा झाला आणि त्याने खटका दाबला.

पांढराशुभ्र झोत पाण्यात घुसला. काठावरच्या बाया मागे सरकल्या. उदयसिंग मनात मोजू लागला. दहा. वीस. पाणी, दगड, मुळ्या, सगळं एकाच दुधात कालवल्यासारखं. कुठे काही पिवळं चमकेना. सत्तावीसला बल्बने निळसर डोळा मिचकावला आणि विझला.

"दिसली?" रामरावांनी विचारलं.

"दिसली," तो म्हणाला, आणि गळ उजवीकडे सोडला.

हिरीबाईच्या हातातला दोर थांबला. झोत पडला तेव्हा तीही वाकून बघत होती. कळशी उजवीकडे नव्हती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता, पण नजर कुठेच पोचत नव्हती. तीन महिन्यांतले चार बल्ब तिच्या मनात एका ओळीत येऊन बसले.

तिने पदर खोचला आणि दळताना गुणगुणावं तसा सूर धरला.

"डाव्या अंगाले बाई, उंबराची मुळी,
मुळीखाली निजली पितळेची बाळी…"

कमलीबाई हसली. "हिरीबाई, कळशीले अंगाई म्हनता काय?"

उदयसिंगचा हात क्षणभर थबकला. मग गळ सावकाश डावीकडे सरकला.

"सोड गं दोरी, बाई, वीतभर खाली…"

त्याने वीतभर दोर सोडला. खडखड झालं. कडी अडकली.

कळशी वर आली, शेवाळाने हिरवी, एका अंगाने चेपलेली. कमलीबाईने ती पोटाशी धरली. रामरावांनी जगदेवाचं नाव पुन्हा काढलं नाही.

परतीच्या वाटेवर ओढ्याशी हिरीबाईने बत्ती मागून घेतली. टोपी फिरवून काळा पडलेला बल्ब काढला, पदराच्या टोकात बांधला. दोन्ही शिळे सेल बांधावर टाकले.

"रिसोडले गेले म्हंजे पाच सेलांचाच बलप आनजा," ती म्हणाली.

"त्याचा उजेड पडत नाई."

"मले पुरते."

तिने बत्तीचा पट्टा स्वतःच्या खांद्यावर अडकवला. उदयसिंगने तिच्या डोक्यावरचं ओल्या दोराचं वेटोळं उतरवलं, आपल्या खांद्यावर घेतलं, आणि तो तिच्या पावलामागे पाऊल टाकत ओढ्यात उतरला.