आत्याचं कौतुक

चष्मेवाल्या काकांची जुनी गाडी बघायला आत्याला सोबत आणलं तिथेच आपलं चुकलं, असं पुतणीला वाटू लागलं. घरोघर जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची नवी नोकरी होती, जाता-जाता तान्ह्या लेकीला आत्याकडे सोडायचं होतं आणि गाडीसाठी होती नव्हती ती शिल्लक काढली होती. मागे जुन्या स्कूटरच्या व्यवहारात ती चांगलीच गंडली होती. म्हणून घासाघीस करायला घरातलं सगळ्यांत खमकं माणूस आणलं, तर ते आल्यापासून गाडीवर स्तुतिसुमनं उधळत होतं!

“काय ठेवलीय हो गाडी! रंग तर जसाच्या तसा!” आत्या म्हणाली.

पुतणीने तिला कोपराने ढोसलं. आता भाव चढणार! पण काका आपल्या चष्म्यांच्या दुकानाच्या पायरीवर अवघडून उभे राहिले.

“तसा डावा दरवाजा मागाहून रंगवलाय,” ते म्हणाले.

“कळतसुद्धा नाही! आणि आत कसं गारेगार होत असेल!”

“कडक उन्हात एसी... जरा दमतो.”

पुतणी ढोसायचं विसरली. आत्या कौतुक करत गाडीभोवती फिरत होती आणि काका तिच्या मागोमाग स्वतःच्याच गाडीच्या चुगल्या सांगत होते. नसलेल्या गुणांची स्तुती ऐकून घ्यायची त्या माणसाला चक्क लाज वाटत होती. चार लाखांवरून ते आपले आपणच साडेतीनवर उतरले. भावाबद्दल आत्याने ब्रसुद्धा काढला नव्हता. धन्य आहे ही बाई, पुतणीला वाटलं.

“ठरलं मग!” ती घाईघाईने म्हणाली.

“थांब गं. काका, टायर नवेकोरे आहेत, ते तुम्ही धरलेच नाहीत. वीस हजार वर घ्या.”

“आत्या, डोकं फिरलंय का तुझं?”

“फुकटचं नको आपल्याला. दे.”

धुसफुसत तिने फोनवरून पैसे पाठवले. किल्ली द्यायला पुढे आलेला काकांचा हात मध्येच थांबला. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटवर पाहिलं. नीट बसते का बघायला पुतणीने लेकीची छोटी खुर्ची तिथे बांधून ठेवली होती.

“गाडी तापली की ब्रेक दाबून धरला तरी पेडल हळूहळू खाली जातं,” ते मान खाली घालून म्हणाले. “सांगणार नव्हतो. गिऱ्हाईक पळून जातं ना. पण आता नाही राहवत. दुरुस्त करूनच देतो, खर्च माझा. नाहीतर पैसे परत घ्या.”

पुतणीने आत्याकडे पाहिलं. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिलाही हे ठाऊक नव्हतं. ती फक्त टायरचे पैसे देत होती.

पुतणीने दार उघडून खुर्चीचे पट्टे सोडले. खुर्ची काखेत मारून ती आली आणि मघाशी कोपराने ढोसलेला आत्याचा दंड तिने घट्ट धरला.

“दुरुस्त करा काका,” ती म्हणाली. “आम्ही आज चालत जातो.”