सात्यांचा पत्ता

दोन हजार आठ साली कुलदीपनं गडचिरोलीच्या अलीकडल्या आपल्या गावाची वेबसाइट करायला घेतली. नोंदी तो साध्या मजकुरात लिही आणि एक प्रोग्राम त्यांची वेबपानं करून देई. त्यात ‘सात्या’ नावाची लिंक मात्र त्याची स्वतःची. ती दाबली की त्याच्या कॉम्प्युटरवर सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, कुठं उगवतात त्याचा नकाशा उघडे. प्रोग्रामला असली लिंक ठाऊक नव्हती, म्हणून पान करताना त्यानं लिंकमध्ये लिहिलेली जागाच सरळ छापली: नाल्यापलीकडचं मोठं वारूळ.

कांताकाकूनं ते कुलदीपच्या कॉम्प्युटरवर वाचलं. ही जागा तिनं लेकीच्या सासरलाही कळू दिली नव्हती.

“काऊन रे, अमेरिकेले सात्या खाऊ घालून राह्यला का?”

“पान अजून चढवलं नाई, काकू. वेबवर ही लिंक कुठी न्यायची, ते मीच सांगतो प्रोग्रामले.”

“मंग माह्याकडे आण.”

कुलदीपनं तसा नियम लिहिला. आता घरी नकाशा उघडायचा आणि वेबपानावर डोळे वटारलेल्या काकूचा फोटो.

काकूनं स्वतः दाबून पाहिलं आणि नाराजीनं मान हलवली.

“एवढ्यानं कोनी भेत नाई. थांब, विळा घेऊन येतो.”