चारी प्लग

उचगावातल्या गॅरेजात भर दुपारी नागसेननं थोरल्या भावाच्या, भाऊसोच्या, मागून चेपलेल्या अँबॅसडरचं बॉनेट उघडलं. वर्षावहिनीनं गाडी विकायला काढली होती, गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात भाऊसो सांगून थकला होता, "चारीच्या चारी प्लग बदल की लेका!" नागसेननं उलट त्याच्यावरच आवाज चढवला आणि जुनेच प्लग पॉलिश पेपरनं घासून परत बसवले. पन्हाळ्याच्या घाटात गाडी बंद पडली, मागून ट्रक आला आणि भाऊसो गेला.

पण खोड कुठली जाते! खराब असेल तेवढाच प्लग बदलावा म्हणून आजही नागसेननं इंजिन चालू केलं आणि एकेका प्लगची वायर उपसायला घेतली. चांगल्या प्लगची वायर काढली की इंजिन अडखळतं, खराब प्लगची काढली तर काही फरक पडत नाही. पहिली काढली, फरक नाही. दुसरी, तिसरी काढली, तरी तेच. चिडून चौथीही उपसली.

चारी वायरी लोंबत होत्या, ठिणगी कुठंच पडत नव्हती, तरी इंजिन संथ चालूच होतं. चावी फिरवली तरी थांबेना.

नागसेन बॉनेटपासून दोन पावलं मागं सरला. "चारीबी बदलतो, दादा," तो कसाबसा बोलला. "बास की आता."

मग कुठं इंजिन थांबलं.